माळ्यावरचे बटाटे

बटाटा मूळचा आमच्या पेरू देशातला, हे वाक्य मी चिली देशातल्या चिलोए बेटावर आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात बोललो. बोललो ते बसची वाट बघत पावसात उभ्या असलेल्या पाच माणसांसमोर. बटाटा आपल्याच बेटावरचा अशी इथल्यांची पक्की खात्री, तरी कोणी भांडलं नाही. डॉक्टर तापातल्या रोग्याकडे बघतात तसं पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांतल्या एकाने अगदी मऊ आवाजात विचारलं, "साहेबांचा मुक्काम किती दिवस?" हा आमचा शेजारी डॉन नोल्बेर्तो. पुढे त्या वसंतात माझी जी काही शोभा झाली, तिच्या प्रत्येक प्रसंगी हा गृहस्थ लोकरीची टोपी घालून हजर होता.

मी एवारिस्तो पारेदेस. लिमा शहरात एका नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारले. माझी बायको ओतीलिया या बेटावरची. एप्रिलमध्ये तिची आई, दोन्या क्लोरिंदा (दोन्या म्हणजे बाई), वारली आणि मागे लाकडी घर, शेताचा तुकडा आणि बटाटे ठेवून गेली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. शहरातल्या प्रत्येक निवृत्त माणसाला वाटतं तसं मलाही वाटलं, की आपण मातीत हात घालू, घाम गाळू, आणि संध्याकाळी आपणच पिकवलेलं काहीतरी ताटात घेऊन बसू. लिमात मी कुंडीत तुळशीएवढं रोपसुद्धा जगवलं नव्हतं. पण एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद हाताळले होते, त्यामुळे जमिनीतलं मला कळतं, असा माझा एक समज होता.

सप्टेंबर लागला, म्हणजे आमच्याकडचा वसंत लागला, आणि नेमकी आमच्या मुलीची, नुरियाची, बाळंतपणाची वेळ जवळ आली. नुरिया असते पार दक्षिणेला पुंता आरेनासमध्ये. ओतीलिया निघाली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ती मला म्हणाली,

"मिंगा लावून आईचे मोन्हिता लावून घे. चंद्र उतरतोय तोवरच. पुढच्या शुक्रवारनंतर लावलेस तर नुसता पाला येईल."

मिंगा म्हणजे गावाने एक दिवस येऊन आपलं काम करून द्यायचं आणि आपण गावाला पोटभर जेवू घालायचं. ते मला ठाऊक होतं. मोन्हिता म्हणजे सासूबाईंचा बटाटा. वरून काळा, कापला की आत जांभळा आणि कडेला पांढरी रेघ. हे मला पुढे कळलं, तेव्हा मी नुसतं नाव ऐकून होतो. सासूबाईंनी तो मला कधी दाखवला नव्हता, कोणाला द्यायची तर गोष्टच सोडा.

"गावात दुसऱ्या कोणाकडे हे बी नाही," ओतीलिया म्हणाली. "घरात मुलगी जन्मली की ओंजळभर तिच्या नावाने काढून ठेवायचं. माझ्या नावाचं काढलं होतं, नुरियाचं काढलं होतं. आता नुरियाला मुलगी झाली तर तिचं यंदाच्या पिकातून काढायचं. बी कुठे आहे माहीत आहे ना तुला?"

"म्हणजे काय," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. पण एकतीस वर्षं खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द निघत नाहीत. शिवाय जिन्याखाली टपोऱ्या, प्रत्येकी मूठभर मोठ्या बटाट्यांचं एक पोतं मी बघितलं होतं. मोठ्या बटाट्याला मोठा बटाटा येणार, हे सांगायला शेतकरी कशाला लागतो? बस सुटली. मी खिडकीतल्या बायकोला आत्मविश्वासाने हात केला.

पहिलं काम खताचं. इथे शेताला समुद्रातलं शेवाळ घालतात. मी तीन दिवस किनाऱ्यावरून हातगाडीने शेवाळ ओढलं. मग मला शंका आली, की याला मीठ असणार, आणि मिठाने बटाटा मरेल. म्हणून मी ते अंगणात पसरून नळाच्या पाण्याने धुवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी कुंपणावर नोल्बेर्तोची टोपी दिसली.

"आंघोळ घालताय?" त्याने विचारलं.

"मीठ काढतोय."

"बरं करताय. साबण आहे ना घरात? नसेल तर आमच्याकडून न्या."

संध्याकाळपर्यंत गावातली चार माणसं माझी धुलाई बघून गेली. एकाने सांगितलं, शेवाळ आधी कुजवा. दुसरा म्हणाला, कुजवलंत तर वाया जाईल, ओलंच पुरा. तिसरा म्हणाला, शेवाळ राहू द्या, मेंढ्यांची लेंडी घाला. चौथ्या बाई फक्त माझे बूट बघून सुस्कारा टाकून गेल्या. मी तिघांचंही ऐकलं. चौथ्या दिवशी अंगणाला असा काही वास सुटला, की टपालवाला माझी पत्रं नोल्बेर्तोकडे टाकायला लागला.

मग आमंत्रणं. कामासाठी गाव बोलवायचं तर पद्धतशीर बोलवावं, म्हणून मी टाइपरायटर काढला आणि नऊ घरांना नऊ पत्रं लिहिली. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, मंगळवारी सकाळी ठीक आठ वाजता खालील सही करणाराच्या जमिनीवर उपस्थित राहावे.' खाली सही आणि, हात शिवशिवत होता म्हणून, जुना गोल शिक्का. पत्रं मी स्वतः दारांच्या फटींतून सरकवली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आपल्या जमिनीचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या दारात थरथरत उभे. त्यांच्या बायकोने म्हणे घराची खिडकी लावून घेतली होती आणि ती चुलीमागे बसली होती.

"अहो, इथे कागद आला की माणसाला वाटतं, गेली जमीन," नोल्बेर्तोने मला बाजूला घेऊन समजावलं. "मिंगाला बोलवायचं तर घरी जायचं, टोपी काढायची, बसायचं, माते प्यायचा, हवापाण्याचं बोलायचं, आणि उठता उठता विनंती करायची. विनंती, कळलं का? हुकूम नव्हे."

मग मी नऊ घरी गेलो आणि नऊ घरांचा माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, प्यालो. एकाच सांजवेळेत एवढा माते प्यायलेल्या माणसाच्या पोटाचं काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. दहाव्या घरी मात्र जायचं नव्हतं. ते घर आमच्या शेताला लागून, दोन्या एदुविना या बाईंचं.

एदुविनाबाई आणि आमच्या सासूबाई सव्वीस वर्षं बोलत नव्हत्या. सासूबाईंचं म्हणणं, एदुविनाने कुंपणालगतची मोन्हिताची दोन झाडं उपटून नेली. एदुविनाबाईंनी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्यांनी कोणाच्या बटाट्याला बोट लावलेलं नाही. तेव्हापासून दोन शेतांच्या मधे एक नव्हे, दोन कुंपणं आहेत. आमचं आमच्या खर्चाचं, त्यांचं त्यांच्या खर्चाचं. मधे हातभर पट्टा आहे, त्यातलं गवत कोणी काढत नाही. चौकशीचा अधिकार असता तर मी तो वाद एका दुपारी मिटवला असता, असं मी नोल्बेर्तोला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही आधी शेवाळ वाळवा."

मंगळवार उजाडला तो धो धो पावसात. आठाला नऊ माणसं आपापली कुदळ घेऊन हजर. पाऊस थांबेपर्यंत शेतात उतरता येईना, तेव्हा सगळे स्वयंपाकघरात चुलीभोवती बसले आणि ओले मोजे वाळवायला लागले. जेवण दुपारचं ठरलं होतं. पण आता करायचं काय? नोल्बेर्तो हात शेकत म्हणाला,

"आधी खाऊन घेऊ. लिमावाल्यांच्या देशात बटाटा जन्मला म्हणतात. बघू तरी, त्यांना तो शिजवता येतो का."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. माझ्या देशाचा प्रश्न होता. मी ठरवलं, या लोकांना काउसा खाऊ घालायचा. काउसा म्हणजे उकडलेला बटाटा मऊ कुस्करून, लिंबू आणि पिवळ्या मिरचीच्या वाटणात मळून, थरांच्या मधे कोंबडीचं सारण भरतात तो. माझी आई करायची. मिरचीचं वाटण मी लिमाहून बाटलीत भरून आणलं होतं.

पण बटाटे? जिन्याखालचं पोतं तर बियाण्याचं. त्याला हात लावणं शक्य नव्हतं. तेवढी जबाबदारीची जाण मला आहे. मग आठवलं, माळ्यावर गवतात झाकलेली एक पेटी आहे. वर चढून बघितलं. आत छोटे छोटे काळे बटाटे, मुठीत तीन मावतील एवढे, आणि प्रत्येकाला जाडसर जांभळे कोंब फुटलेले. माझा जीव हळहळला. सासूबाई गेल्या आणि इतके चांगले बटाटे वर पडून खराब व्हायला लागले. आजच्या आज संपवायला हवेत.

मी ते खाली न्हाणीघरात नेले आणि एकेक करून सगळे कोंब अंगठ्याने खुडले. कामात मी बारकाईचा माणूस आहे. एकही कोंब सुटला नाही. मग सालासकट उकडले, सोलले, कुस्करले. रंग इतका सुंदर जांभळा आला, की मला वाटलं, आईने आज हे बघायला हवं होतं.

नऊ माणसांनी ते भांडं पुसून खाल्लं. नोल्बेर्तोने तीनदा घेतलं. "मान्य," तो म्हणाला. "तुमच्या देशाचं मान्य." कागद घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांनी माझा हात हातात धरला. या बेटावर मला आनंद झालेला असा तो एकच तास. तो मी अजून जपून ठेवला आहे, कारण तेवढाच आहे.

पाऊस थांबला. सगळे कुदळी घेऊन उठले. "आणा बी," नोल्बेर्तो म्हणाला.

मी जिन्याखालचं पोतं ओढत बाहेर आणलं. त्याने तोंड उघडून आत बघितलं. मग हात घालून तळापर्यंत चाचपलं.

"हे बाजारचे, खायचे. क्लोरिंदाबाईंचे मोन्हिता कुठायत?"

"हेच."

"मोन्हिता काळे असतात. बारके. बियाण्याला बारकेच ठेवतात. कोंब आलेले. माळ्यावर, गवतात."

 मला वाटतं, सगळ्यांना एकाच वेळी कळलं. एकाने ओठ पुसला. म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. आपण जे खाल्लं ते काय होतं, हे समजल्यावर त्या नऊ भल्या माणसांचे चेहरे जसे झाले, तसे मी आजवर फक्त अंत्ययात्रेत पाहिले होते.

"सालं?" कोणीतरी आशेने विचारलं. "सालाला डोळा असतो. सालं लावली तरी येतं."

"उकडल्यावर सोलली," मी म्हणालो.

"आणि कोंब?"

"खुडले."

"सगळे?"

"सगळे."

ते निघून गेले. जाताना प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते फार वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं. मी ते रिकामं भांडं घासत बसलो. कडेला थोडा जांभळा रंग राहिला होता, तो निघता निघेना. पुंता आरेनासमध्ये मुलगी जन्मली, तर माझी बायको तिच्यासाठी ओंजळभर बी मागणार होती आणि मी ते बी लिंबू पिळून वाढलं होतं.

बुधवारी मी कास्त्रो गावातल्या एका सरकारी कचेरीत गेलो. जुनी बियाणी जपण्याची काहीतरी योजना आहे असं ऐकलं होतं. खिडकीपलीकडे एक तरुण बाई. तिने अर्ज दिला.

"जातीचं नाव?"

"मोन्हिता."

"नोंदणी क्रमांक?"

"नोंदलेलं नाही."

"मग दोन किलो नमुना लागेल."

"नमुना नाही. तोच तर हरवलाय."

"हरवला कसा?"

"खाल्ला."

तिने लेखणी खाली ठेवली. "हे बघा काका, नोंदलेली जात असती तर ती नष्ट झाल्याची नोंद घेता आली असती. पण जी जात नोंदलेलीच नाही ती आमच्या दृष्टीने नव्हतीच. नसलेली वस्तू तुम्ही कशी खाणार?"

 हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं आणि ते घरी जाऊन का रडत असतील याचा कधी विचार केला नव्हता. परतीच्या बसमध्ये मी तो विचार केला. रस्ता लांब आहे.

बुधवारीच ओतीलियाचा फोन आला. नात झाली होती. सव्वातीन किलोची, खणखणीत आवाजाची.

"लावलेस ना?" तिने विचारलं.

"मिंगा झाली," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"आईला फार आनंद झाला असता रे," ती म्हणाली, आणि फोनवर थोडी रडली. मीही रडलो. तिला वाटलं, नातीसाठी.

गुरुवारी दुपारी मी शेतात नुसता उभा होतो. सरळ, दोरी लावून आखलेल्या, सुंदर, रिकाम्या सऱ्या. उद्या शुक्रवार. एवढ्यात पलीकडच्या कुंपणाशी कोणीतरी खाकरलं. एदुविनाबाई. काळी शाल, हातात फडक्याने झाकलेली टोपली. या बाईंनी आमच्या शेताकडे तोंड करून उभं राहिल्याला सव्वीस वर्षं झाली होती.

"लिमावाले," त्या म्हणाल्या, "इकडे या."

मी आमच्या कुंपणापाशी गेलो. मधे दोन कुंपणं आणि हातभर गवत.

"माझ्या शेतात उंदीर फार," त्या म्हणाल्या.

"हो का."

"उंदीर काय करतात, इकडचं तिकडे नेतात. एका शेतातला बटाटा दुसऱ्या शेतात. तो उगवतो. माणसाचा काय दोष?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मी कोणाच्या बटाट्याला बोट लावलेलं नाही. चर्चमध्ये सांगितलंय तसं."

"मी ऐकलंय."

त्यांनी फडकं काढलं. बारके, काळे, जांभळ्या कोंबांचे. मी दोन्ही हातांनी कुंपण धरलं.

"मागितले होते मी क्लोरिंदाकडे," त्या एकदम म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "माझी मुलगी झाली तेव्हा. ओंजळभर. नाही म्हणाली. घराबाहेर द्यायचे नाहीत म्हणे." मग त्यांनी टोपली दोन्ही कुंपणांवरून माझ्या हातात दिली. "उंदरांचं कोणाला सांगू नका. आणि हे शिजवू नका."

पुढचे दोन तास त्या आपल्या कुंपणापलीकडे उभ्या राहून मला ओरडत होत्या. कोंब वर. वर म्हणजे आभाळाकडे. एवढं खोल नाही, माणूस पुरताय का? आणि हे काय वास मारतंय? मी गुडघ्यांवर रांगत शेवटचा बटाटा लावला, तेव्हा सगळीकडून चिखल झालो होतो. वर बघितलं तर त्या निघून गेल्या होत्या.

डिसेंबरच्या शेवटी ओतीलिया आली. मी काय आणि कसं सांगायचं त्याची तीन पानी टिपणं काढून ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर, बोटीत चढायच्या आधीच, तिकीटवाल्याने तिला विचारलं होतं, "बी खाल्लेल्याची बायको तुम्हीच का?"

ती घरात न जाता, सामान फाटकात टाकून सरळ शेतात गेली. मोन्हिताला फुलं आली होती. ती एका झाडाशी वाकली, पान उलटं करून बघितलं.

"मग हे कुठून आले?" तिने विचारलं.

मी शब्द दिला होता. "उंदीर," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग दोन कुंपणांकडे बघितलं. मग घरात जाऊन हातोडी घेऊन आली आणि आमच्या कुंपणाच्या तीन फळ्या काढल्या. ठोके ऐकून एदुविनाबाई बाहेर आल्या. त्याही आत गेल्या आणि आपली हातोडी घेऊन आल्या.

त्या दिवसापासून दोघी रोज संध्याकाळी आमच्या चुलीपाशी माते पीत बसतात. पहिल्या संध्याकाळी ओतीलिया म्हणाली, "आईचं खरं होतं तर." एदुविनाबाई म्हणाल्या, "तुझी आई चिक्कू होती." "होती," ओतीलिया म्हणाली. त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. सव्वीस वर्षांच्या भांडणाला त्यांना तीन वाक्यं पुरली, पण माझ्यावर बोलायला त्यांना संध्याकाळी अपुऱ्या पडतात. शेवाळाची आंघोळ, शिक्क्याचं पत्र, आणि कोंब. कोंबांपाशी आल्या की एदुविनाबाई अंगठ्याने खुडून दाखवतात आणि दोघी डोळे पुसेपर्यंत हसतात. मी तेव्हा शेजारच्या खोलीत असतो. भिंती लाकडाच्या आहेत.

एप्रिलमध्ये पीक निघालं. ओतीलियाने पहिल्यांदा बारके, निरोगी बटाटे निवडले आणि ओंजळभर वेगळे काढून टोपलीत ठेवले. नातीचे. मी पेटीत नवं गवत घातलं आणि माळ्याला शिडी लावली.

"शिडी काढ," ओतीलिया म्हणाली. "बी इथे नाही ठेवायचं. एदुविनाकडे ठेवायचंय. तिथे सुरक्षित राहील."

ज्या बाईने ते चोरलं म्हणून दोन कुंपणं उभी राहिली, तिच्या घरी आमच्या नातीचं बी सांभाळायला चाललं होतं, कारण घरातल्या नवऱ्यापेक्षा ती चोर भरवशाची होती. आणि खोटं कशाला बोलू, ओतीलियाच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. एदुविनाबाईंनी चोरलं नसतं तर आज निवडायला काहीच नव्हतं.

टोपली उचलून पलीकडे न्यायचं काम मला दिलं. ओतीलिया माझ्या मागून, दोन पावलांवर, टोपलीवर नजर ठेवून चालत होती.